व्हॉयेजर्समध्ये कनूने मुक्कामी जाताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत असलेल्या व्हॉयेजर्स नॅशनल पार्कला येणारे बरेच जण इतर पार्कची सवय घेऊन येतात. गाडी आत न्यायची, तंबू ठोकायचा, झालं. इथे तसं होत नाही. पार्कचा सुमारे ४० टक्के भाग पाण्याखाली आहे आणि पार्कच्या मुक्कामाच्या जागा पाण्यातूनच गाठाव्या लागतात. बोटीची सोय न करता पोहोचलेल्या माणसाला व्हिजिटर सेंटर आणि आसपासच्या थोड्या पायवाटा सोडल्या तर फारसं काही हाती लागत नाही.

दुसरी चूक यापेक्षा महागात पडते. लोक नकाशावर अंतर मोजतात आणि त्यावरून दिवस आखतात. या तळ्यांवर दिवस वारा ठरवतो. तेच १० किलोमीटर शांत सकाळी तीन तासांत संपतात आणि दुपारच्या समोरच्या वाऱ्यात संपतच नाहीत. म्हणून सुरुवात कुठून करायची, मुक्काम बेटाच्या कोणत्या बाजूला घ्यायचा, किती वाजता निघायचं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधताना वाऱ्यापासून सुरुवात करा.

खालचा क्रम दोन प्रौढ, एक कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, उघडी होडी) आणि तीन रात्री असं धरून दिला आहे. आधी कधीच वल्हं हातात घेतलं नसेल तर एखाद्या लहान, शांत तळ्यावर किमान दोन-तीन वेळा सराव करून मगच हा बेत करा.

## टप्पा १: आधी पाणी निवडा

पार्कमध्ये चार मोठी तळी आहेत: रेनी, कॅबेटोगामा, नमाकन आणि सँड पॉइंट. मधल्या कॅबेटोगामा द्वीपकल्पावर लहान अंतर्गत तळी आहेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

रेनी लेक विस्तीर्ण आहे. त्याच्या मोकळ्या भागात वाऱ्याला मैलोन्‌मैल अडथळा नाही, त्यामुळे लाटा लवकर मोठ्या होतात. पहिल्या सहलीसाठी ते निवडू नका. कॅबेटोगामावर बेटं भरपूर आहेत आणि बेटांच्या आडोशाने पुढे सरकता येतं. पण ते तुलनेने उथळ असल्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. नमाकनवर बेटं आहेत आणि मधले मोकळे पट्टेही आहेत.

नवख्यांसाठी कॅबेटोगामाचा बेटांचा भाग सर्वांत बरा. आणखी एका कारणासाठीही: रेनी, नमाकन आणि सँड पॉइंट या तिन्ही तळ्यांमधून आंतरराष्ट्रीय सीमा जाते, कॅबेटोगामा मात्र पूर्णपणे अमेरिकेच्या बाजूला आहे.

सावधान: सीमेपलीकडच्या किनाऱ्यावर किंवा बेटावर पाय ठेवणं म्हणजे कॅनडात प्रवेश करणं. तिथे कुंपण नाही, पाटीही दिसेलच असं नाही. जेवायला थांबलेलं 'छानसं बेट' पलीकडचं असू शकतं. व्हिसावर राहणाऱ्यांनी हे अजिबात हलक्यात घेऊ नये, कारण परतताना तो अमेरिकेत नव्याने केलेला प्रवेश ठरतो आणि त्याची नोंद करावी लागते.

महिना ठरवताना एवढं लक्षात ठेवा. मोठ्या तळ्यांवरचा बर्फ साधारण एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत फुटतो, त्यामुळे मे महिन्यात हवा उबदार असली तरी पाणी जीवघेणं थंड असतं. जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या जोरात असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी उबदार होतं, पण दुपारची वादळं येतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कॅबेटोगामावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर येऊ शकतो. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कीटक कमी असतात, मात्र रात्री थंड आणि वारे जास्त.

## टप्पा २: मुक्कामाची जागा बुक करा

पार्कला प्रवेश शुल्क नाही. मुक्कामाला मात्र परवाना लागतो आणि जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून आधी आरक्षित करावी लागते. 'जाऊन बघू, रिकामी जागा मिळेलच' हा विचार इथे चालत नाही.

जागांचे दोन प्रकार आहेत आणि लोकांचा घोळ इथेच होतो.

पहिला प्रकार मोठ्या तळ्यांच्या काठावरच्या जागांचा. तिथे स्वतःच्या किंवा भाड्याच्या बोटीने थेट जाता येतं. तंबूसाठी सपाट जागा, टेबल, आगीचं कडं, शौचालय आणि अस्वलाला उघडता न येणारी लोखंडी पेटी अशी सोय असते.

दुसरा प्रकार अंतर्गत तळ्यांवरच्या जागांचा. तिथे जायला आधी मोठं तळं बोटीने ओलांडायचं आणि मग चालायचं. उदाहरणार्थ, लोकेटर तळ्याची वाट एका दिशेने सुमारे २ मैल आहे. त्याच्या पुढे वॉर क्लब, क्विल आणि लॉइटन अशी तळ्यांची माळ आहे. या अंतर्गत तळ्यांमध्ये स्वतःची बोट उतरवायला बंदी आहे. पार्कने तिथे ठेवलेली बोटच वापरायची, आणि ती बुकिंगमध्येच ठरवायची. मासेमारीसाठी जिवंत आमिषही तिथे चालत नाही, फक्त कृत्रिम. मोठ्या तळ्यांत शिरलेला काटेरी पाणपिसूसारखा परका जीव आतल्या तळ्यांत पसरू नये म्हणून हे नियम आहेत. खांद्यावर कनू घेऊन लोकेटरपर्यंत पोहोचणाऱ्याला ती तशीच परत न्यावी लागते.

पहिल्या सहलीसाठी पहिला प्रकार घ्या. जागा निवडताना हे बघा:

1. पहिल्या दिवसाची जागा धक्क्यापासून ८ किलोमीटरच्या आत असावी. प्रवासाचा थकवा, सामान भरणं, उशिरा निघणं हे सगळं त्याच दिवशी असतं.
2. वाटेतलं सर्वांत रुंद मोकळं पाणी अर्ध्या मैलापेक्षा जास्त नसावं. संकेतस्थळाच्या नकाशावर हे कळत नाही, तळ्याचा तपशीलवार नकाशा समोर ठेवून मोजा.
3. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो असं धरा. बेटाच्या पूर्वेची किंवा आग्नेयेची जागा घेतलीत तर सकाळी बोट उतरवताना लाटा अंगावर येणार नाहीत.
4. शक्य असेल तर तीन रात्रींपैकी दोन एकाच जागी घ्या. वाऱ्यामुळे एक दिवस अडकलात तरी पुढचं बुकिंग वाया जाणार नाही.

चौथा मुद्दा बहुतेक जण टाळतात, कारण त्यांना 'जास्त बघायचं' असतं. रोज नवीन जागा घेतली की खराब हवेतही निघावंच लागतं, आणि या पार्कमधले बरेच धोके या 'निघावंच लागतं'मधून येतात.

## टप्पा ३: बोट आणि तिचं सामान

दोघांसाठी १६ ते १८ फुटांची कनू घ्या. केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची ४० ते ४५ पौंडांची असते, ॲल्युमिनियमची ७० पौंडांच्या पुढे. इथे बोट खांद्यावरून नेण्याचे प्रसंग कमी, म्हणून ॲल्युमिनियम चालते. ती खडकांवर जास्त सोसते. तीन प्रौढ आणि सामान १७ फुटी कनूत बसवू नका. बसतं खरं, पण पाण्यापासून बोटीच्या कडेची उंची इतकी कमी होते की मध्यम लाटही आत येते. किमान ६ इंच कड पाण्यावर राहिली पाहिजे.

भाड्याने घेताना एवढं मोजून घ्या:

- वल्ही ३. दोन हातात, एक बोटीत बांधलेलं. एक वल्हं हरवलं की दोघांची बोट वाऱ्यात निकामी होते.
- लाइफ जॅकेट २, अंगावर घालून तपासलेली.
- दोन्ही टोकांना प्रत्येकी १५ ते २० फुटांचा, पाण्यावर तरंगणारा दोर.
- पाणी उपसायला कापलेला प्लास्टिकचा कॅन आणि एक मोठा स्पंज.
- लाइफ जॅकेटला बांधलेल्या शिट्ट्या २.
- पांढऱ्या उजेडाचा टॉर्च. अंधार पडल्यावर पाण्यावर असाल तर दुसऱ्या बोटींना तुम्ही दिसायला हवं.

वल्ह्याची लांबी तपासायची सोपी रीत: खुर्चीवर ताठ बसा, वल्हं उलटं करून मूठ दोन मांड्यांच्या मध्ये आसनावर टेकवा. दांडा संपून पातं सुरू होतं ती जागा हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यायला हवी.

तपासणी: लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळा आणि जोडीदाराला खांद्यांपाशी धरून वर खेचायला सांगा. जॅकेट हनुवटीवर चढलं तर ते ढिलं आहे. मिनेसोटाचा कायदा १० वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत ते घालायला लावतो. मोठ्यांनीही ते धक्क्यापासून धक्क्यापर्यंत अंगातून काढू नये. पाण्यात पडल्यावर लाइफ जॅकेट घालता येत नाही, विशेषतः थंड पाण्यात.

## टप्पा ४: सामान भरणं

सगळं ओलं होणार असं धरूनच भरा. स्लीपिंग बॅग आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग ड्राय बॅगमध्ये, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत जातो. ड्राय बॅगचं तोंड किमान तीनदा गुंडाळल्याशिवाय पाणी अडत नाही. बरेच जण ती काठोकाठ भरतात, मग एकच घडी पडते आणि बॅग गळते.

सुती कपडे घरी ठेवा. ओली जीन्स वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. लोकर किंवा सिंथेटिक कपडे आणि पावसाचं जॅकेट-पँट घ्या. एक जोडी बूट पाण्यात उतरायला आणि एक मुक्कामावर घालायला ठेवा.

कोरडं अन्न माणशी दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम धरा आणि एका दिवसाचं जास्त घ्या. ते वाऱ्यात अडकण्याच्या दिवसासाठी आहे, त्याला आधी हात लावायचा नाही. फक्त पाणी उकळून होणारे पदार्थ असतील तर दोघांना तीन दिवस २३० ग्रॅमचं एक गॅस कॅनिस्टर साधारण पुरतं. पिण्याचं पाणीही उकळणार असाल तर दोन घ्या.

नकाशा कागदाचा, पाण्यात न भिजणारा, आणि सोबत होकायंत्र. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा, पण मोबाइल सिग्नलवर विसंबू नका. पार्कच्या मोठ्या भागात तो मिळत नाही.

कागदपत्रं एकाच पिशवीत ठेवा: मुक्कामाचा परवाना, ओळखपत्र, आणि मासे धरणार असाल तर मिनेसोटाचा मासेमारी परवाना.

## टप्पा ५: दिवस वाऱ्यावरून आखा

भरलेली कनू शांत पाण्यात तासाला ४ ते ५ किलोमीटर जाते. आखणी मात्र तासाला ३ किलोमीटरने करा. समोरून तासाला १० मैलांचा वारा असेल तर तेवढाही वेग राहत नाही. दिवसाची मर्यादा सुरुवातीला १२ किलोमीटर ठेवा.

लाट किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आहे, आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून येतो आहे. तिसरी गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. धक्का बेटाच्या आडोशाला असतो, तिथलं पाणी आरशासारखं दिसतं. भूशिराला वळसा घातला की अचानक पाच-सहा मैलांवरून आलेली लाट समोर उभी असते. म्हणून निघण्यापूर्वी नकाशावर वाऱ्याच्या दिशेला पट्टी ठेवा आणि वाटेतल्या कोणत्या तुकड्यांवर वारा लांबून येतो ते पेन्सिलीने खूण करा. त्या खुणा ओलांडायच्या त्या सकाळीच.

रोजचा क्रम असा ठेवा:

1. आदल्या संध्याकाळी हवामान ऐका. नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज हाताच्या वेदर रेडिओवर मिळतो. वाऱ्याचा सरासरी वेग ऐकून थांबू नका, झोतांचा वेगही ऐका.
2. पहाटे ५ ला उठा, ६ ते ६:३० ला पाण्यावर. उन्हाळ्यात तिथे त्याच्या आधीच चांगलं उजाडतं.
3. मोकळं पाणी ९ च्या आत ओलांडा.
4. दुपारी १२ ते १ पर्यंत मुक्कामावर. वारा आणि वादळं दुपारीच वाढतात.
5. सकाळ हुकली तर संध्याकाळी ६ नंतर वारा पडतो का ते बघा. मुक्काम एका तासाच्या आत असेल तरच निघा.

थांबण्याची खूण: वारा तासाला १० मैलांच्या आसपास असला की लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो, १३ च्या वर तो जागोजागी दिसतो. नवख्यांनी पांढरा फेस दिसला की मोकळं पाणी ओलांडायचं नाही. यात चर्चा नको. एकाला जायचं नसेल तर दोघांनी जायचं नाही, हे घरूनच ठरवून निघा.

गडगडाट ऐकू आला तर लगेच किनारा गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यापासून दूर राहा. उंच एकट्या झाडाखाली किंवा उघड्या खडकाच्या टोकावर थांबू नका.

निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाला लेखी कळवा: कोणता धक्का, गाडीचा क्रमांक, कोणत्या रात्री कोणती जागा, बोटीचा रंग, परतीचा दिवस, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्कला कळवायचं. ती वेळ ठरलेल्या परतीनंतर २४ तासांची ठेवा, म्हणजे वाऱ्यामुळे अडकलात तर उगाच शोध सुरू होणार नाही, आणि घरच्या फोनच्या धास्तीने तुम्ही खराब हवेत निघणार नाही.

## टप्पा ६: बोट भरणं आणि बसणं

बोट आधी पूर्ण पाण्यात तरंगू द्या, मग सामान भरा. एक टोक खडकावर आणि एक पाण्यात अशा अवस्थेत वजन टाकलं तर मधला भाग वाकतो. केव्हलारची बोट अशी तडकते.

जड सामान मधोमध, तळाशी. वर काही रचू नका. सगळ्या पिशव्या आडव्या पट्ट्यांना बांधा. पुढचं टोक मागच्यापेक्षा किंचित हलकं असावं. समोरच्या वाऱ्यात मात्र पुढचं टोक हलकं असेल तर वारा ते सारखं बाजूला ढकलतो, अशा दिवशी एक पिशवी पुढे सरकवा.

बसताना एकाने बोट धरायची, दुसऱ्याने वाकून दोन्ही कडा पकडायच्या आणि पाय बरोबर मध्यरेषेवर टाकायचा. बोट उलटण्याचे कितीतरी प्रकार किनाऱ्यापासून हातभर अंतरावर, उभ्याने चढता-उतरताना होतात.

मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढचा लय ठेवतो आणि पाण्याखालचे खडक बघतो. दोघे विरुद्ध बाजूंना वल्हवतात. वल्हं उभं ठेवा, गुडघ्याच्या पुढे पाण्यात घाला आणि कमरेपाशी काढा. कमरेच्या मागेपर्यंत ओढत नेलं तर बोट पुढे जात नाही, फक्त वळते. मागच्याने फटक्याच्या शेवटी अंगठा खाली वळवून पात्याने पाणी बोटीपासून हलकेच दूर ढकललं की बोट सरळ राहते. हे जमेपर्यंत दर आठ-दहा फटक्यांनी दोघांनी एकदम बाजू बदला, तेही चालतं.

मोठ्या तळ्यांवर बोटींच्या वाटा दाखवणारे लाल-हिरवे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा असतात. ज्यांचा तळ पाण्यात खोल जातो अशा मोटरबोटींसाठी ते आहेत. बोयांची वाट आडवी ओलांडायची असेल तर ती काटकोनात आणि लवकर ओलांडा. त्या वाटेने लांबवर जाऊ नका. हाउसबोटी आणि वेगवान बोटींची लाट आली तर तिला समोरून तिरकं घ्या.

## टप्पा ७: मोकळं पाणी ओलांडणं

1. ओलांडण्याआधी भूशिराच्या आड थांबा. पाणी प्या, खा, लघवीला जाऊन या. मध्यावर थांबता येत नाही.
2. पाच मिनिटं नुसतं पाणी बघा. फेस वाढतो आहे की कमी होतो आहे? पश्चिमेला ढग आहेत का?
3. पलीकडची एक ठळक खूण धरा आणि होकायंत्राने तिची दिशा लिहून घ्या. बेटं एकमेकांत मिसळून दिसतात, मध्यावर गेल्यावर कोणतं कोणतं ते कळेनासं होतं.
4. लक्ष्य वाऱ्याच्या वरच्या बाजूला धरा, म्हणजे वाहवत गेलात तरी ठरल्या जागीच लागाल.
5. लाटा उठल्या तर आसनावरून उतरून गुडघ्यांवर बसा. वजन खाली जातं, बोट लगेच स्थिर होते.
6. समोरची लाट ३० ते ४५ अंशांत तिरकी घ्या. अगदी सरळ घेतली तर पुढचं टोक पाण्यात घुसतं, आडवी घेतली तर बोट डोलून पाणी आत येतं.

मागून येणारी लाट सोपी वाटते आणि तीच फसवते. बोट लाटेवर पळू लागते, मागचं टोक घसरून बोट आडवी होते आणि पुढच्याच लाटेला भरते. मागच्या वाऱ्यात लाटा गुडघ्याएवढ्या झाल्या तर सरळ जवळच्या आडोशाला वळा, वेग चांगला मिळतोय म्हणून पुढे जात राहू नका.

अडचणीत वल्हवणं थांबवू नका. पाण्यात रुतलेलं वल्हं बोटीला आधार देतं. घाबरून कडा पकडल्या की तो आधारही जातो.

## टप्पा ८: बोट उलटली तर

थंड पाण्यासाठी १-१०-१ हा क्रम पाठ असू द्या. पहिलं १ मिनिट श्वास सावरण्याचं: थंड पाण्याच्या झटक्याने धाप लागते, तेव्हा पोहण्याचा प्रयत्न करू नका, तोंड पाण्याबाहेर ठेवा. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, जे करायचं ते त्यातच. शुद्ध हरपायला साधारण १ तास असतो, पण तोपर्यंत तरंगत ठेवायला लाइफ जॅकेट अंगावर हवं.

बोट सोडू नका. पाण्याने भरलेली कनूही तरंगते आणि दुरून दिसते, पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही. जोडीदाराला हाक मारा, दोघे बोटीच्या दोन टोकांना धरा. वारा किनाऱ्याकडे असेल तर बोटीसकट वाहवत जा. तीन-तीन शिट्ट्या वाजवत राहा. दुसरी बोट सोबत असेल तर तुमची कनू उलटी करून त्यांच्या कनूवर आडवी ओढायची, पाणी सांडलं की सुलटी करून परत पाण्यात सोडायची. हा प्रकार घरच्या तळ्यावर एकदा तरी करून बघा, वाचून तो येत नाही.

किनाऱ्याला लागल्यावर पहिलं काम ओले कपडे काढणं. आग नंतर.

## टप्पा ९: मुक्कामावर पोहोचल्यावरचा क्रम

बोट पाण्याबाहेर पूर्ण ओढा, उपडी करा आणि झाडाला दोन्ही टोकांनी बांधा. रात्रीचा वारा रिकामी कनू उचलून नेतो, आणि बेटावर ती गेली म्हणजे तुम्ही अडकलात.

त्यानंतर लगेच, तंबूच्याही आधी, अन्न लोखंडी पेटीत. पेटीत फक्त जेवण जात नाही. मसाल्याचा डबा, लोणच्याची बाटली, टूथपेस्ट, सनस्क्रीन, कचरा, खरकटी भांडी, सगळं वासाचं सामान जातं. इथली काळी अस्वलं बेटांवर पोहत येतात, त्यामुळे बेटावर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. पेटीचा खटका लागला का ते हाताने ओढून बघा.

तंबू लावण्यापूर्वी मान वर करून बघा. वाळलेली झाडं आणि लोंबकळत्या फांद्या यांच्याखाली तंबू नको.

पाणी: किनाऱ्यापासून थोडं आत जाऊन भरा. उकळी फुटल्यावर पूर्ण १ मिनिट उकळा, किंवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा. पाण्यावर हिरव्या रंगासारखा थर किंवा वाटाण्याच्या सूपसारखं पाणी दिसलं तर ते अजिबात वापरू नका. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळून जात नाही आणि साध्या फिल्टरने गाळलं जात नाही. त्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका, कुत्र्याला पिऊ देऊ नका. कॅबेटोगामावर उन्हाळ्याच्या शेवटी जाणार असाल तर एका दिवसाचं पाणी घरूनच घ्या.

भांडी तळ्यात धुवायची नाहीत, 'जैविक' साबणानेही नाही. पाणी भांड्यात घेऊन किनाऱ्यापासून २०० फूट, म्हणजे साधारण ७०-८० पावलं आत जा.

आग फक्त कड्यात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राख हाताला गार लागेपर्यंत हेच करत राहा. दुरून आणलेलं लाकूड नेऊ नका, त्यातून झाडं मारणारे किडे पसरतात.

झोपण्यापूर्वी गोचिड्यांसाठी अंग तपासा: गुडघ्यामागे, कमरेपाशी, काखेत, केसांत. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. मिनेसोटात गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग आहे, म्हणून हे रोज रात्री.

## टप्पा १०: परतीचा दिवस

परतीची सकाळ सगळ्यांत घाईची आणि म्हणून सगळ्यांत जास्त चुकांची असते. सोमवारी कामावर जायचं असतं, पाच तासांचा रस्ता समोर असतो, आणि फेस दिसत असूनही लोक निघतात. म्हणून शेवटची रात्र धक्क्यापासून ५ किलोमीटरच्या आत, शक्यतो मोकळं पाणी मध्ये न येणाऱ्या जागी घ्या, आणि कामावर एक दिवसाची जास्त रजा टाकूनच या.

जागा सोडताना कड्यात कचरा, फॉइल किंवा अन्न राहिलं नाही ना ते बघा. शौचालयात कचरा टाकू नका. पेटी रिकामी करून बंद करा.

धक्क्यावर आल्यावर बोट गाडीवर चढवण्याआधी तिच्यावरच्या पाणवनस्पती आणि चिखल काढून टाका, पाणी पूर्ण ओता. उरलेलं आमिष पाण्यात नाही, कचऱ्यात. मिनेसोटात हा कायदा आहे. पाण्यात वापरलेले बूट, दोर आणि जाळ्याही घासून घ्या. दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी हे सगळं पूर्ण वाळू द्या.

सिग्नल मिळाला की बेत कळवलेल्या माणसाला परत आल्याचं सांगा. हा फोन राहून गेला तर दुसऱ्या दिवशी तुमच्या शोधाला बोटी निघू शकतात.